मुदतीचे मोल

काष्टीचा शनिवारचा जनावरांचा बाजार साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. परंतु याच गावावरून निघालेला रस्ता भीमा ओलांडून दौंड आणि पाटसमार्गे ज्या रोटीच्या घाटाकडे जातो, जेथून आषाढीला तुकोबांची पालखी चढून जाते, त्या परिसरातील माळावर द्राक्षवेलींच्या रांगा आहेत, फोर सीझन्स नावाची वायनरी आहे आणि तेथल्या ‘बॅरिक रिझर्व्ह’ शिराझने ओकच्या पिंपांत मुरलेली तांबडी वाइन म्हणून आपली ओळख करून दिली आहे, ही गोष्ट आमच्या श्रीगोंदे तालुक्यात फारशी बोलली जात नाही. त्याच दिशेने आणखी पुढे, अकलूजच्या शिवारात, मोहिते-पाटील बंधूंनी इटलीतील सेक्की बंधू आणि दिल्लीचे सेखरी बंधू यांच्या भागीदारीत फ्रातेल्ली ही वायनरी उभारली, टस्कनीतील पिएरो मासी या जाणत्या वाइनकर्त्याला सोलापूर जिल्ह्यात आणले आणि सांजोव्हेजे या इटालियन द्राक्षाला माळशिरस तालुक्याचे ऊन दाखवले. कुकडी आणि घोड यांच्या पाण्यावर ऊस, लिंबू आणि द्राक्ष पिकवणाऱ्या आमच्यासारख्यांना हा व्यवसाय परका राहिलेला नाही. मात्र वाइनविषयी आपल्याकडे आजवर जी चर्चा झाली ती एक तर महसुलाची झाली किंवा नीतीची झाली; उत्तम तांबडी वाइन कशाने घडते, हा प्रश्न सार्वजनिक चर्चेत क्वचितच आला. त्याचे उत्तर बहुतांशी लाकूड, तळघर आणि काळ या शब्दांत सांगता येते; आणि यांपैकी काळ ही वस्तू आपल्या व्यवस्थेने वाइनला फार कंजूषपणे दिली आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रथम लाकडाचा विचार करू. द्राक्षाचा रस सालीसकट आंबून जी नवी तांबडी वाइन होते, तिच्यात साली आणि बिया यांतून उतरलेला तुरट अंश, ज्याला टॅनिन म्हणतात, तो उग्र आणि खरखरीत असतो. तिचा रंग गडद जांभळा असला तरी अस्थिर असतो. आणि तिच्या गंधात ताज्या फळापलीकडे फारसे काही नसते. हीच वाइन ओकच्या पिंपात ठेवली असता फळ्यांच्या सूक्ष्म रंध्रांतून, सांध्यांतून आणि बुचाच्या बाजूने प्राणवायूचा अत्यंत अल्प अंश तिच्यापर्यंत महिनोन्महिने पोहोचत राहतो, आणि त्या मंद संस्काराने टॅनिनचे रेणू एकमेकांशी व रंगद्रव्यांशी जोडले जाऊन तुरटपणा मऊ होतो व रंग स्थिर होऊन विटकरी छटेकडे झुकू लागतो. लुई पाश्चर याने १८६६ साली प्रसिद्ध केलेल्या वाइनवरील ग्रंथात या हवेच्या कार्याचा शास्त्रीय पाया घातला: काचेच्या नळ्या काही काठोकाठ भरून तर काही हवेसाठी जागा ठेवून त्याने बंद केल्या, आणि हवा मिळालेल्या वाइनचाच रंग उतरतो, गाळ बसतो आणि वय वाढते, असे दाखवून दिले. फार हवा वाइनचे शिर्क्यात रूपांतर करते आणि मुळीच हवा नसली तर वाइन आखडून बसते. या दोहोंमधला मार्ग ज्या पात्राने सहज साधला, ते पात्र म्हणजे लाकडी पिंप होय. रोमन लोक मातीच्या कुंभांत वाइन साठवत असता आल्प्सच्या पायथ्याचे लोक ती पट्ट्यांनी आवळलेल्या लाकडी पात्रांत ठेवतात, अशी नोंद पहिल्या शतकातील प्लिनी करून गेला आहे. वाहतुकीच्या सोयीसाठी निघालेल्या त्या भांड्याचे गुण पुढे अनुभवाने कळत गेले.

परंतु लाकूड केवळ हवा देत नाही. ते स्वतःचेही काही देते, आणि निवडीचा खरा प्रश्न येथूनच सुरू होतो. फ्रान्समधील आलिये, ट्राँसे, लिमुझँ, व्होज या अरण्यांतील ओक आणि अमेरिकेतील पांढरा ओक हे एकाच कुळातले असले तरी त्यांचा स्वभाव निराळा आहे. अमेरिकी ओकमध्ये नारळाचा आणि गोडसर व्हॅनिलाचा गंध देणारी द्रव्ये अधिक असतात. फ्रेंच ओक तुलनेने संयत असून त्याच्याकडून लवंगेसारखा मसालेदार गंध आणि बारीक पोताचे टॅनिन मिळते. अमेरिकी लाकडाची रंध्रे निसर्गतःच बुजलेली असल्याने ते करवतीने कापले तरी पिंप गळत नाही. फ्रेंच ओक मात्र धाग्याच्या दिशेने फोडावा लागतो, त्यामुळे पुष्कळ लाकूड वाया जाते आणि पिंपाची किंमत वाढते. फोडलेल्या फळ्या दोन ते तीन वर्षे उघड्यावर, पावसापाण्यात आणि उन्हात रचून ठेवतात. तेवढ्या अवधीत त्यांतला कडवटपणा धुऊन निघतो. त्यानंतर पिंप बांधणारा सुतार फळ्या लोखंडी कड्यांत उभ्या करून त्यांच्या मधोमध आगटी पेटवतो आणि उष्णतेने त्यांना बाक देतो. तीच आगटी पिंपाची आतली बाजू भाजून काढते. ही भाजणी हलकी ठेवली तर लाकडाचे टॅनिन ठळक राहते, मध्यम ठेवली तर व्हॅनिला आणि भाजलेल्या बदामाचा गंध उमलतो, आणि कडक केली तर धुराचा व कॉफीचा अंश वर येतो. म्हणजे वाइन पिंपात पडण्यापूर्वीच अरण्य, हवामान आणि अग्नी यांनी तिच्या चवीचा काही भाग ठरवून टाकलेला असतो.

पिंपाचे आकारमान आणि वय यांचाही विचार तितकाच महत्त्वाचा आहे. बोर्दोचे प्रचलित पिंप २२५ लिटरचे असते, म्हणजे त्यातून ७५० मिलिलिटरच्या ३०० बाटल्या भरतात. पिंप जितके लहान तितका प्रत्येक लिटरमागे लाकडाचा स्पर्श अधिक. उलट इटलीतील बारोलोचे परंपरावादी उत्पादक काही हजार लिटरची प्रचंड जुनी पिंपे वापरतात, कारण त्यांना लाकडाकडून चव नको असते, फक्त श्वास हवा असतो. नवे पिंप पहिल्या वर्षी सर्वांत जास्त देते. तीन-चार वापरांनंतर त्याच्याकडे देण्यासारखे फारसे उरत नाही आणि ते निव्वळ पात्र म्हणून राहते. म्हणूनच जाणता वाइनकर्ता सगळी पिंपे नवी घेत नाही. आमच्याकडे शेतकरी नवा खोंड जुन्या बैलाच्या जोडीने जुंपतो, तसा तो नव्या लाकडाचा जोर जुन्या लाकडाच्या धीराने आवरतो. कोणत्या द्राक्षाला किती लाकूड मानवते, हे द्राक्षच सांगते. काबर्ने सोव्हिन्याँ जाड सालीचे आणि टॅनिनने समृद्ध, म्हणून ते नवे लाकूड पचवते. सांजोव्हेजे आम्लाने धारदार आणि गंधाने नाजूक, म्हणून त्याच्यावर फार लाकूड घातले तर त्याचा आवाज दडपतो. आणि आपल्याकडे तांबड्या वाइनसाठी ज्याची मोठी लागवड आहे ते शिराझ दोन्हीकडे वळू शकते. फ्रातेल्लीच्या ‘सेत्ते’ या वाइनमध्ये सांजोव्हेजे आणि काबर्ने यांचा मेळ घालून ती ओकमध्ये वर्षाहून अधिक काळ ठेवतात. नाशिकच्या सुलाची ‘रासा’ शिराझ, निफाडच्या रेव्हेलोची ‘रिझर्व्ह’ आणि गंगापूर धरणाजवळच्या यॉर्कची ‘आरोस’ यांनीही पिंपाचा मार्ग धरला. हे प्रयत्न मोलाचे आहेत, आणि त्यांच्या यशामुळेच एक धोका उघड बोलून दाखवला पाहिजे: पातळ फळाला लाकडाच्या गंधाने भारदस्त भासवण्याचा मोह. अतिभाराच्या वेलीवर पिकलेल्या, रसात सत्त्व नसलेल्या द्राक्षाला कितीही महाग पिंप दिले, तरी हाती व्हॅनिलाचा वास असलेले तुरट पाणीच येते. पिंपाची निवड मळ्यात, घड विरळ करण्याच्या दिवशीच सुरू होते.

या संदर्भात ऑस्ट्रेलियातील मॅक्स शूबर्ट या वाइनकर्त्याची हकिकत आपल्या उद्योजकांनी आणि धनकोंनी मुद्दाम लक्षात ठेवावी अशी आहे. पेनफोल्ड्स या कंपनीचा हा नोकर १९५० साली युरोपात गेला, बोर्दोमध्ये त्याने चाळीस-पन्नास वर्षे टिकलेल्या वाइन चाखल्या, आणि आपल्या देशातही दीर्घायुषी वाइन करण्याचा निश्चय करून परतला. बोर्दोचे काबर्ने त्याच्या भागात दुर्मीळ होते म्हणून त्याने विपुल असलेले शिराझ घेतले. फ्रेंच ओक मिळेना म्हणून अमेरिकी ओकची नवी पिंपे घेतली. आणि १९५१ साली ग्रेंज या वाइनचा पहिला प्रयोग केला. काही वर्षांनी कंपनीच्या वरिष्ठांनी आणि निमंत्रित रसिकांनी ती चाखली तेव्हा ती अजून कोवळी आणि आखडलेली होती. सर्वांनी नाक मुरडले आणि १९५७ साली तिचे उत्पादन बंद करण्याचा हुकूम सुटला. शूबर्टने अॅडलेडजवळच्या मॅगिलच्या तळघरांत नव्या पिंपांच्या खर्चाविना, गुपचूप, आणखी तीन हंगाम ती वाइन केली. दरम्यान पहिल्या बाटल्या मुरल्या, त्यांचे रूप पालटले, आणि १९६० साली त्याच वरिष्ठांनी ती पुन्हा सुरू करण्यास सांगितले. पुढे ग्रेंज ऑस्ट्रेलियाची सर्वांत प्रतिष्ठित वाइन ठरली. शूबर्टने दुसऱ्या देशाची नक्कल केली नाही. आपल्या मातीत जे द्राक्ष होते आणि हाती जे लाकूड होते, त्यांची जोडी जमवली आणि मग निकालासाठी मुदत मागितली. त्याच्या वरिष्ठांची चूक चवीची नव्हती, घाईची होती.

आता तळघराकडे वळू, कारण महाराष्ट्राची खरी कसोटी तेथेच आहे. युरोपात द्राक्षाची तोडणी सप्टेंबर-ऑक्टोबरात होते. नवी वाइन पिंपात पडते तेव्हा दाराशी हिवाळा उभा असतो, आणि थंडीने गाळ बसवण्याचे, वाइन निवळवण्याचे काम निसर्गच फुकट करून देतो. आपल्याकडे एप्रिलात खरड छाटणी आणि पावसाळा सरताना फळछाटणी करून जानेवारी ते मार्चमध्ये तोडणी होते. वाइन पिंपात शिरते तेव्हा दाराशी चैत्र-वैशाखाचे ऊन येऊन ठेपलेले असते. म्हणजे ज्या कोवळ्या महिन्यांत वाइनला सर्वांत जास्त विसावा हवा, त्याच महिन्यांत आमच्या भागात पारा चाळिशी ओलांडतो आणि हवा कोरडी ठक्क होते. रासायनिक क्रियांचा वेग दर दहा अंशांना साधारण दुप्पट होतो, परंतु सर्व क्रियांचा सारखा होत नाही. म्हणून उष्णतेत ठेवलेली वाइन लवकर मुरत नाही, ती लवकर म्हातारी होते, तिचे फळ शिजल्यासारखे लागते. तळघरात १२ ते १६ अंश तापमान आणि शेकडा ७० ते ८० आर्द्रता राखण्याची रीत आहे ती याच कारणाने. कोरड्या हवेत पिंपाच्या फळ्यांतून पाणी अधिक उडते आणि वाइन तीव्र होत जाते. दमट हवेत अल्कोहोल अधिक उडते आणि ती सौम्य होत जाते. वर्षाला शेकडा ४ घट धरली तरी एका पिंपातून ९ लिटर, म्हणजे १२ बाटल्या, कोणाच्याही ओठाला न लागता हवेत जातात.

ही घट नुसती हिशेबाची बाब नाही. पिंपात जितकी जागा रिकामी होते तितकी हवा आत येते, आणि हवेबरोबर वाइनचा शिर्का करणारे जंतू बळावतात. म्हणून एप्रिल-मे महिन्यांत पिंपघरातल्या कामगाराचा नेम ठरलेला असतो: पिंपांच्या रांगेतून जाऊन एकेक बूच काढायचे, बॅटरीच्या उजेडात पातळी पाहायची, त्याच प्रतीच्या वाइनने पिंप काठोकाठ भरायचे, भोकाभोवतीचा ओघळ पुसून बूच घट्ट बसवायचे आणि पिंपावर खडूने तारीख टाकायची. तीन-चार महिन्यांनी वरची स्वच्छ वाइन अलगद दुसऱ्या पिंपात काढून तळाचा गाळ मागे ठेवायचा. रिकामे पिंप गरम पाण्याने धुऊन आत गंधकाची वात जाळायची. पावसाळा आला की उलटी दक्षता: दमट भिंतींवर बुरशी धरते, तिचा वास लाकडात शिरू द्यायचा नाही. या निरलस निगराणीत एक पंधरवडा खंड पडला तर वर्षाची मेहनत शिर्क्याच्या भावाने जाते. उष्णतेतून चव घडवण्याचा एक प्राचीन अपवाद मदेरा वाइनचा आहे. ती पिंपांत भरून जहाजांवर लादत आणि विषुववृत्त ओलांडून हिंदुस्थानपर्यंतच्या फेरीत तापून परतली की अधिक मोलाने विकत. पण तिच्यात द्राक्षाची दारू मिसळून तिला मुळातच बळकट केलेले असे. साध्या तांबड्या वाइनला तो प्रवास सोसणारा नाही.

पिंपातून निघाल्यावरही मुदत संपत नाही. बाटलीत, जवळजवळ हवेविना, दुसरे स्थित्यंतर होते: लाकडाचा आणि फळाचा गंध वेगवेगळा जाणवेनासा होतो आणि सुकलेली फुले, चामडे, तंबाखूचे पान असे नवे गंध निर्माण होतात. स्पेनच्या रिओहा प्रांतात म्हणून कायद्यानेच प्रतवारी आहे: ‘क्रियांझा’ला दोन वर्षे, त्यांपैकी एक पिंपात, ‘रेझेर्व्हा’ला तीन, त्यांपैकी एक पिंपात, ‘ग्रान रेझेर्व्हा’ला पाच, त्यांपैकी दोन पिंपात. बारोलोला ३८ महिने, त्यांपैकी १८ लाकडात. ही बंधने उत्पादकांनी स्वतःहून स्वीकारली, कारण मुदत हीच आपल्या मालाची पत आहे हे त्यांनी ओळखले.

आपल्याकडे ही पत का निर्माण झाली नाही, याचे कारण आळस नव्हे, अर्थकारण आहे. नव्या फ्रेंच पिंपाची किंमत हजार युरोच्या घरात जाते. ते एकदाच वापरले तर प्रत्येक बाटलीवर ३ युरोंहून अधिक भार नुसत्या लाकडाचा पडतो. त्यावर तळघर थंड ठेवण्याचे वीजबिल. त्यावर व्याज: शेकडा १२ दर धरला, तर आज तयार झालेला १०० रुपयांचा माल तीन वर्षे ठेवल्यास तो १४० रुपयांचा होतो, आणि चाळीस रुपये सावकाराचे होतात. अशा स्थितीत वायनरीने माल त्याच वर्षी विकून मोकळे व्हावे, हे स्वाभाविकच आहे. २००१ च्या द्राक्षप्रक्रिया धोरणाने राज्यात वायनरी उभ्या राहिल्या हे खरे. परंतु २००८-०९ च्या मंदीत मागणी घटताच माल टाक्यांत अडकला, कित्येक शेतकऱ्यांच्या द्राक्षांना गिऱ्हाईक राहिले नाही, आणि त्यांनी वाइनच्या वेली काढून पुन्हा खाण्याची द्राक्षे लावली. जी वाइन दोन वर्षे थांबून अधिक चांगली होऊ शकते तिला मंदी सोसता येते. जिला थांबताच येत नाही ती पडत्या भावाची गुलाम होते, आणि तिच्यामागोमाग शेतकरीही.

या प्रश्नाचे उत्तर परदेशांत शोधण्याचे कारण नाही. ते आपल्याच जिल्ह्याच्या अनुभवात आहे. विठ्ठलराव विखे पाटील यांनी धनंजयराव गाडगीळ यांच्या साहाय्याने प्रवरानगरला सहकारी साखर कारखाना उभा केला आणि १९५० च्या हंगामात तो सुरू झाला, तेव्हापासून शेतकऱ्याचा माल गोदामात राहूनही शेतकऱ्याच्या हाती पैसा कसा पोहोचवावा याचे शास्त्र नगर जिल्ह्याने राज्याला शिकवले आहे. गोदामातल्या साखरेच्या पोत्यांवर सहकारी बँका मालतारण कर्ज देतात. साखरेचे पोते दोन वर्षे ठेवल्याने साखर अधिक गोड होत नाही. चांगल्या द्राक्षाची, चांगल्या पिंपातली वाइन दोन वर्षांनी अधिक मोलाची होते. तारण म्हणून ती अधिक भरवशाची नाही काय? पिंपातील वाइनवर, तिची प्रत त्रयस्थ तज्ज्ञांकडून तपासून, सवलतीच्या दराने तीन वर्षे मुदतीचे मालतारण कर्ज देण्याची योजना राज्य सहकारी बँकेने आणि जिल्हा बँकांनी आखावी, अशी माझी पहिली सूचना आहे. तपासणीसाठी मांजरी येथील राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र हाताशी आहे. लहान वायनरींनी स्वतंत्र तळघरे बांधण्याऐवजी एका तालुक्यात एक सामाईक, शीतल तळघर सहकारी तत्त्वावर बांधावे, ही दुसरी.

तिसरी सूचना लेबलविषयी आहे. ‘रिझर्व्ह’ हा शब्द ज्या बाटलीवर छापला जातो, तिच्यावर त्या वाइनने पिंपात किती महिने काढले, लाकूड कोणत्या देशाचे होते, पिंपांपैकी किती नवी होती, आणि पिंपाऐवजी टाकीत ओकचे तुकडे टाकून गंध आणला असल्यास तसे, हे स्पष्ट छापावे. ओकचे तुकडे वापरणे अपराध नाही. युरोपीय संघानेही २००६ साली त्यांना परवानगी दिली. ते लपवून पिंपाची किंमत वसूल करणे मात्र गिऱ्हाइकाची वंचना आहे. वायनरीत कोणता माल कधी आला आणि कधी बाहेर पडला याची दफ्तरनोंद अबकारी खात्याकडे होतच असते. त्याच नोंदवहीत पिंपाचा एक रकाना वाढवला तर मुदतीचा सरकारी दाखला मिळू शकेल, आणि जे खाते आजवर केवळ वसुलीसाठी ओळखले गेले ते गुणवत्तेचेही साक्षीदार होईल.

या विवेचनावर एक गंभीर आक्षेप येईल, आणि तो टाळणे अप्रामाणिकपणाचे होईल. जानेवारी २०२२ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने हजार चौरस फुटांपेक्षा मोठ्या किराणा दुकानांत वाइन विकण्यास मान्यता दिली, तेव्हा आमच्या शेजारच्या पारनेर तालुक्यातील राळेगण सिद्धीहून अण्णा हजारे यांनी त्या निर्णयास कडाडून विरोध केला. व्यसनाने संसार उद्ध्वस्त होताना ज्यांनी पाहिले आहेत, त्यांच्या या कळकळीपुढे मी नम्र आहे, आणि उत्तम वाइन ही व्यसनाला सूट देणारी सबब होऊ शकत नाही, हेही मानतो. परंतु दुकानांचा विस्तार आणि गुणवत्तेचा विस्तार या भिन्न गोष्टी आहेत. आपल्या धोरणाची सारी शक्ती बाटली कोठे विकावी यावर खर्च झाली. बाटलीत काय असावे याला तिने वेळ दिला नाही. विक्रीची ठिकाणे वाढवणारे धोरण अधिक बाटल्या मागते. मुदत वाढवणारे धोरण कमी बाटल्या, अधिक मोल, वेलीवर कमी घड आणि शेतकऱ्याशी दीर्घ मुदतीचे करार मागते. ज्यांना समाजाच्या संयमाची काळजी आहे त्यांनी या दुसऱ्या धोरणाचा विचार मोकळ्या मनाने करावा, अशी माझी विनंती आहे.

रोटीपासून अकलूजपर्यंत आणि नाशिकपासून नारायणगावपर्यंत महाराष्ट्राने द्राक्ष पिकवण्याचे कौशल्य सिद्ध केले आहे. वाइनकर्ते परदेशांतून आले, आपल्या मुलांनीही ती विद्या आत्मसात केली, पिंपेही आली. उरली आहे ती मुदत, आणि मुदत कोणत्याही बंदरातून आयात करता येत नाही. ती बँकेच्या कर्जरोख्यात, अबकारीच्या नोंदवहीत आणि उत्पादकाच्या निग्रहात इथेच लिहावी लागते. येत्या हंगामाची फळछाटणी होण्यापूर्वी राज्य सरकार, सहकारी बँका आणि द्राक्ष बागाईतदार संघ यांनी एकत्र बसून निदान एका तळघराचा आणि एका तारण योजनेचा निर्णय केला, तर त्या हंगामाची वाइन तीन वर्षांनी बाजारात येईल तेव्हा तिला किंमत मागण्यासाठी लाकडाच्या वासाचा आधार घ्यावा लागणार नाही.